आधी बॅकअप, मग झाडलोट : रात्रीच्या स्क्रिप्ट्सचा क्रम नीट कसा लावायचा

फोल्डरमध्ये तीन बॅकअप फायली होत्या आणि तिन्हींचा आकार एकच : २० बाइट.

एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळत होतो तेव्हाची गोष्ट. व्यवस्था साधी होती. रात्री २ वाजता डेटाबेसचा डम्प, म्हणजे सगळ्या माहितीची एका फाईलमध्ये उतरवलेली प्रत, काढून तो जीझिपने दाबून लहान करायचा, ३ वाजता जुन्या फायली पुसायच्या आणि ताज्या तीन ठेवायच्या. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. मग कुणीतरी, म्हणजे मीच, डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि स्क्रिप्टमधला बदलायचा राहून गेला. डम्प काढणाऱ्या पीजी-डम्प या प्रोग्रामला आत प्रवेशच मिळेना, त्यामुळे त्याने एक ओळही दिली नाही. जीझिपने मात्र जे आलं ते, म्हणजे काहीच नाही, इमानदारीत बांधून ठेवलं. रिकाम्या इनपुटची जीझिप फाईल बरोबर २० बाइटची होते. तासाभराने झाडलोट आली, तिने ताज्या तीन मोजल्या आणि सर्वांत जुनी पुसली. पहिल्या रात्री एक चांगली प्रत गेली, दुसऱ्या रात्री दुसरी, तिसऱ्या रात्री शेवटची. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय. पुढच्या गुरुवारी व्यवस्थापकांचा फोन आला, "साहेब, कालचा बॅकअप लावता का जरा?" शनिवारी बाहेरच्या डिस्कवर घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलं. मधल्या दिवसांची व्हाउचर्स दोन क्लार्क आणि मी रात्री दहापर्यंत पुन्हा भरत बसलो.

यात क्रम चुकला नव्हता. दररोज बॅकअप आधीच चालला, झाडलोट नंतरच. चुकली होती ती अट : बॅकअप झाला तरच झाडलोट. स्क्रिप्ट्सचा क्रम लावायचा म्हणून लोक फायलींच्या नावाआधी आकडे घालतात आणि निर्धास्त होतात. आकड्यांनी फक्त रांग लागते. पुढचा पास झाला की नापास, हे मागच्याला कळत नाही. म्हणून आधी रांग कशी लागते ते बघू, मग अट.

एक सूचना : आज्ञा, पर्याय आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच त्यांचं नेहमीचं रोमन स्पेलिंग टाइप करा.

आधी कोण कोण चालतंय ते बघा

नवीन काही लावण्याआधी अर्धा तास फक्त यादी करण्यात घालवा. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर नियोजित कामं निदान पाच ठिकाणी लपलेली असतात : ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या क्रॉन या प्रोग्रामची /ईटीसी/क्रॉनटॅब ही मुख्य फाईल, /ईटीसी/क्रॉन.डी हे फोल्डर, प्रत्येक वापरकर्त्याचा स्वतःचा क्रॉनटॅब, तासाची-दिवसाची-आठवड्याची-महिन्याची क्रॉन.आवरली, क्रॉन.डेली, क्रॉन.वीकली, क्रॉन.मंथली ही फोल्डरं, आणि सिस्टमडीचे (लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचे) टायमर. वापरकर्त्यांचे क्रॉनटॅब बघायला त्या त्या खात्यातून "क्रॉनटॅब -एल", टायमर बघायला "सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स --ऑल". अ‍ॅनाक्रॉन (यंत्र बंद असताना चुकलेली कामं नंतर उरकणारं साधन) बसवलेलं असेल तर /ईटीसी/अ‍ॅनाक्रॉनटॅब ही सहावी जागा.

डेबियनच्या मुख्य क्रॉनटॅबमध्ये वेळा ठरलेल्या असतात. तासाची कामं दर तासाला १७व्या मिनिटाला, रोजची सकाळी ६:२५ला, आठवड्याची रविवारी ६:४७ला, महिन्याची १ तारखेला ६:५२ला. आता एक तारीख रविवारी आली की काय होतं बघा. रोजची कामं आणि आठवड्याची कामं यांच्यात २२ मिनिटं, आठवडा आणि महिना यांच्यात ५ मिनिटं. रोजचं काम २५ मिनिटं चाललं की आठवड्याचं त्याच्या अंगावर येणार. या वेळा ठरवणाऱ्याने अंदाज बांधला होता. तुमच्या सर्व्हरवर तो खरा ठरेलच असं नाही.

दुसरी गोष्ट आपल्याकडे फार वेळा घडते. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर असतं. तिथले सकाळचे ६:२५ म्हणजे आपले ११:५५. दुपारी बाराच्या ठोक्याला सर्व्हर धापा टाकतो अशी तक्रार आली, तर आधी "टाइमडेटसीटीएल" चालवून टाइमझोन बघा.

आणि क्रॉनटॅबबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकतो. एकाच मिनिटाला लावलेल्या दोन ओळी वरून खाली, एकामागोमाग चालत नाहीत. क्रॉन त्या मिनिटाची सगळी कामं सोडून देतो आणि कुणाचीही वाट बघत नाही. वरची ओळ आधी, हा क्रम नव्हेच.

रन-पार्ट्सची रांग

क्रॉन.डेली हे फोल्डर क्रॉन स्वतः उघडत नाही. तो रन-पार्ट्स नावाच्या छोट्या प्रोग्रामला ते काम देतो, आणि रन-पार्ट्स फोल्डरमधल्या फायली नावाच्या क्रमाने, एक संपल्यावर दुसरी, अशा चालवतो. म्हणजे इथे खरोखरची रांग आहे. पण रांगेत कुणाला उभं करायचं याचे त्याचे नियम कडक आहेत, आणि नियमात न बसणाऱ्याला तो काही न बोलता वगळतो.

डेबियनवर फाईलच्या नावात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, अंडरस्कोअर आणि हायफन चालतात. टिंब चालत नाही. त्यामुळे "बॅकअप.एसएच" असं नाव देऊन फाईल क्रॉन.डेलीत टाकली, तर ती कधीच चालणार नाही, चुकीचा संदेशही येणार नाही. आपण हाताने चालवून बघतो तेव्हा मात्र ती छान चालते, म्हणून शंकाही येत नाही. माझ्या मते लिनक्सवरची सर्वांत शांत चूक हीच. हाच नियम क्रॉन.डी मधल्या फायलींनाही आहे. फाईलचं नाव हौसेने देवनागरीत ठेवलंत तर तीही वगळली जाईल. फाईल चालवण्याजोगी हवी, म्हणजे "सीएचमॉड +एक्स" केलेलं हवं, नाहीतर तीही बाहेर.

क्रम लागतो तो अक्षरांचा, संख्यांचा नव्हे. "१०-झाडलोट" आणि "२-बॅकअप" या दोन फायलींत आधी १० चालेल, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते आणि १ हे २च्या आधी येतं. म्हणून दोन अंकी आकडे घ्या : ०५, १०, २०, ३०. मध्ये दहा-दहाची जागा सोडा. ज्यांनी शाळेत बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा केली त्यांना ओळींचे आकडे १०, २०, ३० का द्यायचे ते आठवत असेल, कारण तेच. उद्या दोन पायऱ्यांच्या मध्ये तिसरी घालायची वेळ येतेच. हा क्रम साध्या सी लोकेलचा, म्हणजे अक्षरांच्या संगणकी कोडप्रमाणे असतो : आधी आकडे, मग कॅपिटल अक्षरं, मग स्मॉल. म्हणजे कॅपिटल झेडने सुरू होणारी फाईल स्मॉल ए च्या आधी येते.

अंदाज बांधत बसू नका, विचारा :

रन-पार्ट्स --टेस्ट /ईटीसी/क्रॉन.डेली

ही आज्ञा काहीही चालवत नाही. जे चालणार त्यांची नावं चालण्याच्या क्रमाने छापते. तुमची फाईल या यादीत नसेल तर ती रात्रीही चालणार नाही. नवीन फाईल टाकल्यावर ही आज्ञा चालवणं म्हणजे गॅस बंद आहे ना हे बघून मग घराबाहेर पडणं.

यादीत सर्वांत वर "०अ‍ॅनाक्रॉन" दिसलं तर त्याला हात लावू नका. रोजची कामं आज झाली अशी नोंद ते अ‍ॅनाक्रॉनच्या वहीत करतं, म्हणजे तीच कामं दुसऱ्यांदा होऊ नयेत. ते पहिलं राहावं म्हणूनच नावात शून्य आहे. तुमचे आकडे त्याच्या नंतरचे ठेवा. ०५पासून सुरुवात केलीत तर दोघांत आधी कोण याचा विचार करावा लागेल. १०पासून सुरू करा, कटकट संपली.

रेड हॅटच्या कुळात, म्हणजे फेडोरा, रॉकी, आल्मा इथे, रन-पार्ट्स हे नाव तेच असलं तरी वस्तू वेगळी आहे. तिथे ती एक शेल स्क्रिप्ट आहे, नावातल्या टिंबाला तिची हरकत नसते, आणि टिल्डने संपणाऱ्या, आरपीएमने (तिथल्या पॅकेज व्यवस्थेने) मागे सोडलेल्या किंवा एडिटरच्या स्वॅप फायली ती सोडून देते. दोन्हीकडे चालेल असं नाव हवं असेल तर डेबियनचे कडक नियमच पाळा.

आता एक गोम, जी मला कळायला फार वेळ लागला. समजा तुम्हाला लॉगरोटेट (सर्व्हरच्या नोंदींच्या, म्हणजे लॉगच्या, जुन्या फायली बाजूला करून नव्या सुरू करणारं काम) झाल्यावर लॉगच्या फायली दुसरीकडे पाठवायच्या आहेत. क्रॉन.डेलीत "लॉगरोटेट" आहेच, तर तुम्ही आपल्या फाईलला त्याच्या नंतर येईल असं नाव देता. टेस्टची यादीही बरोबर दिसते. तरी सकाळी हिशेब जुळत नाही. ती लॉगरोटेट फाईल उघडून बघा : पहिल्याच काही ओळींत "सिस्टमडी चालू असेल तर बाहेर पड" असं लिहिलेलं सापडेल. खरं लॉगरोटेट सिस्टमडीच्या टायमरवरून मध्यरात्रीच्या सुमारास केव्हाच होऊन गेलेलं असतं. क्रॉन.डेलीतली ती फाईल म्हणजे नुसती पाटी, दुकान दुसरीकडे हललंय. मॅन-डीबी (मॅन पेजेस म्हणजे मदतीच्या पानांची सूची) आणि एपीटी (पॅकेजं आणणारी, अपग्रेड करणारी व्यवस्था) यांच्या फायलींचंही असंच आहे. ज्याच्या मागे रांगेत उभे राहताय तो खरंच काम करतो का, हे फाईल उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.

फ्रीबीएसडीची पद्धत

फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्या पण वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टमने हे काम जास्त नेटकेपणाने केलंय. तिथे पीरिऑडिक नावाची आज्ञा आवृत्ती ३.० पासून आहे. /ईटीसी/पीरिऑडिक/डेली मध्ये प्रत्येक फाईलच्या नावाआधी तीन अंकी आकडा आणि टिंब असतं : ११०.क्लीन-टीएमपीएस, २००.बॅकअप-पासडब्ल्यूडी, शेवटी ९९९.लोकल. रोजची कामं पहाटे ३:०१ला, आठवड्याची शनिवारी ४:१५ला, महिन्याची १ तारखेला ५:३०ला. चालू-बंद करायला फायली हलवायच्या नाहीत, /ईटीसी/पीरिऑडिक.कॉन्फ मध्ये त्या कामाच्या नावापुढे येस किंवा नो लिहायचं. मूळ डिफॉल्ट्सच्या फाईलला हात लावायचा नाही, ती अपग्रेडला बदलते.

तुमच्या स्वतःच्या स्क्रिप्ट्स /यूएसआर/लोकल/ईटीसी/पीरिऑडिक/डेली मध्ये जातात, आणि इथे लोक फसतात. दोन्ही फोल्डरं मिसळून एकच क्रम लागत नाही. आधी मूळ फोल्डर पूर्ण संपतं, मग तुमचं. तुम्ही ०५०चा आकडा दिलात तरी ती फाईल मूळच्या ९९९.लोकलनंतरच चालणार.

प्रत्येक स्क्रिप्टने परत दिलेल्या कोडचा अर्थही ठरलेला आहे : ० म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, १ म्हणजे बघण्यासारखं काही आहे, २ म्हणजे सेटिंग चुकलंय, त्यापुढे म्हणजे बिघाड. सकाळच्या मेलमध्ये काय दाखवायचं, काय गाळायचं हे त्यावरून ठरतं. पण रांग मात्र कोड काहीही आला तरी पुढे सरकते. तिच्याच कुळातल्या ओपनबीएसडीवर तर /ईटीसी/डेली ही एकच सलग स्क्रिप्ट आहे आणि तुमची डेली.लोकल तिच्या आधी चालते. फ्रीबीएसडीच्या बरोब्बर उलट, सवय असलेल्याने जपून.

रांगेला अट जोडणं

आता मुख्य काम. बॅकअप, त्याची तपासणी, बाहेर प्रत पाठवणं आणि झाडलोट ही चार कामं एकमेकांवर अवलंबून आहेत. अशी कामं चार वेगवेगळ्या वेळांना लावणं हा आळस आहे, आणि मी तो दीड वर्ष केला. बॅकअप तासाभरात होतोच, हे गृहीत धरून ३ वाजता झाडलोट लावायची. मग एके दिवशी डेटा वाढतो, बॅकअप ७० मिनिटं घेतो आणि झाडलोट अर्धवट फाईललाही पूर्ण समजून मोजते.

सोपा उपाय : क्रॉनमध्ये एकच नोंद, आणि ती एका मुख्य स्क्रिप्टची. बाकी सगळं ती क्रमाने बोलावते. सुरुवातीच्या दोन ओळी अशा (बॅश या शेलसाठी) :

सेट -ई -यू
सेट -ओ पाइपफेल

पहिलीमुळे कुठलीही आज्ञा फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबते, आणि नाव चुकलेला व्हेरिएबल रिकामा समजला जात नाही. दुसरी ओळ असती तर माझे ते चार दिवस वाचले असते. पाइपने जोडलेल्या, म्हणजे एकीचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या, आज्ञांचा निकाल एरवी शेवटच्या आज्ञेवरून ठरतो. पीजी-डम्प फसला, जीझिप पास झाला, म्हणून सगळं पास. पाइपफेलमुळे साखळीतली कुठलीही कडी तुटली तरी निकाल नापास येतो.

सेट -ई वर मात्र आंधळा विश्वास नको. एखादं फंक्शन "इफ" च्या अटीत बोलावलं, किंवा दोन अँपरसँडच्या डावीकडे ठेवलं, की त्याच्या पोटातही सेट -ई गप्प बसतं. म्हणून महत्त्वाच्या पायऱ्या अटीत न गुंडाळता सरळ एकेका ओळीत लिहा.

मग पायऱ्या. बॅकअप थेट शेवटच्या नावाने लिहू नका. "आज.अर्धवट" अशा कच्च्या नावाने लिहा आणि तपासणी पास झाल्यावरच "एमव्ही" ने पक्कं नाव द्या. एकाच फाइल सिस्टममध्ये नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे पक्क्या नावाची फाईल दिसली म्हणजे ती पूर्णच असणार. झाडलोटीला फक्त पक्की नावं दाखवा.

तपासणीत "जीझिप -टी" पुरत नाही. माझ्या त्या २० बाइटच्या फायली या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होतात, कारण त्या नीट बांधलेल्या रिकाम्या फायली आहेत. आकार बघा : कालच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तर थांबा. आणि पोटातलं बघा : पीजी-डम्पच्या साध्या टेक्स्ट डम्पमध्ये शेवटच्या काही ओळींत डम्प पूर्ण झाल्याची टिप्पणी असते, ती ग्रेपने शोधा. ती नसेल तर डम्प मध्येच तुटलाय.

झाडलोट सर्वांत शेवटी, आणि तिच्यातही एक स्वतंत्र अट : पक्क्या, तपासलेल्या प्रती तीनपेक्षा जास्त असतील तरच जुनी पुसायची. मुख्य स्क्रिप्ट कितीही चांगली असली तरी पुढेमागे कुणीतरी झाडलोट एकटी चालवणार. ती एकटी चालली तरी नुकसान करू नये अशी लिहा.

एकच मोठी स्क्रिप्ट नको असेल, पायऱ्या वेगळ्या फायलींत हव्या असतील, तर रन-पार्ट्सच वापरता येतो. स्वतःचं फोल्डर करा, समजा /ईटीसी/रात्र.डी, त्यात १०-डम्प, २०-तपास, ३०-पाठव, ४०-झाड अशा फायली (नावं रोमनमध्ये, टिंबाविना, फोल्डरच्या नावात टिंब चालतं), आणि क्रॉनमधून चालवा :

रन-पार्ट्स --रिपोर्ट --एक्झिट-ऑन-एरर /ईटीसी/रात्र.डी

एरवी रन-पार्ट्स एखादी फाईल फसली तरी पुढची चालवतो. या पर्यायामुळे तिथेच थांबतो. हाच पर्याय मूळ क्रॉन.डेलीच्या ओळीत घालायचा मोह टाळा, कारण तिथे मॅन पेजेसच्या सूचीचं काम फसलं म्हणून तुमचा बॅकअप अडेल. हा पर्याय डेबियनचा. रेड हॅटवर मुख्य स्क्रिप्टचाच मार्ग धरा.

दोघं एकदम आत शिरू नयेत म्हणून

क्रॉनला आधीचं काम संपलंय की नाही याचं सोयरसुतक नसतं. कालचा बॅकअप अजून चालू असताना आजचा सुरू होऊ शकतो. यावर लिनक्समध्ये "एफलॉक" आहे :

एफलॉक -एन /रन/लॉक/रात्र.लॉक /यूएसआर/लोकल/एसबिन/रात्र

-एन म्हणजे कुलूप आधीच लागलेलं असेल तर न थांबता परत फिर. थांबायचंच असेल तर -डब्ल्यू आणि सेकंद. महत्त्वाचं हे की कुलूप कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, सांभाळतं. प्रोसेस मेली, वीज गेली, काहीही झालं तरी कुलूप आपोआप सुटतं. जुन्या पद्धतीची पीआयडी फाईल (चालू प्रोसेसचा नंबर लिहून ठेवलेली) मागे राहून महिनाभर काम अडवून बसते, तसं इथे होत नाही. फक्त स्क्रिप्टने मागे काही बॅकग्राउंडला सोडलं, तर तेही कुलूप धरून बसतं, एवढं ध्यानात असू द्या. फ्रीबीएसडीवर यासाठी "लॉकएफ -टी ०".

अडकलेल्या कामासाठी "टाइमआउट" आज्ञा आहे. रांगेत एक स्क्रिप्ट नेटवर्कची वाट बघत बसली की मागचे सगळे खोळंबतात. "टाइमआउट २एच" लावलं की दोन तासांनी ती उठवली जाते आणि कोड १२४ येतो.

सिस्टमडी वापरत असाल तर

इथे क्रम आणि अट दोन्ही नीट सांगता येतात, पण शब्दांचे अर्थ समजून घेतले तरच. प्रत्येक काम ही एक सर्व्हिस. "आफ्टर" म्हणजे फक्त क्रम : दोघंही एकाच वेळी सुरू व्हायला निघाले असतील तर तू नंतर. समोरच्याला बोलावण्याची ताकद आफ्टरमध्ये नाही. "रिक्वायर्स" म्हणजे गरज : मला सुरू करताना त्यालाही सुरू कर. दोन्ही एकत्र लिहिले तरच "तो आधी होऊ दे, तो फसला तर मी चालणार नाही" असा अर्थ निघतो.

यात "टाइप=वनशॉट" असल्याशिवाय सगळं फुकट. साध्या टाइपमध्ये प्रोसेस नुसती सुरू झाली की सिस्टमडी म्हणतं झालं, पुढच्याला सोडा. वनशॉटमध्ये ती संपेपर्यंत वाट बघतं.

मग टायमर एकच ठेवा, शेवटच्या कामाला. झाड.सर्व्हिसमध्ये रिक्वायर्स आणि आफ्टर दोन्हींपुढे तपास.सर्व्हिस, तपासमध्ये तसंच डम्प.सर्व्हिस. टायमर झाडला हाक मारतो, झाड तपासला, तपास डम्पला. कामं मात्र उलट क्रमाने, डम्पपासून होतात. पहिल्यांदा बघताना उलटं वाटतं. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं तसं समजा.

"रिमेन-आफ्टर-एक्झिट" इथे चालू करू नका. ते चालू असलं की डम्प एकदा झाल्यावर सिस्टमडीच्या लेखी चालूच राहतो, आणि दुसऱ्या रात्री त्याला पुन्हा चालवलंच जात नाही. झाडलोट मात्र रोज होते. म्हणजे आम्ही पुन्हा २० बाइटच्या गावाला.

पायऱ्या लहान असतील तर याहून सोपं : एकाच वनशॉट सर्व्हिसमध्ये एक्झेकस्टार्टच्या चार ओळी लिहा. त्या वरून खाली चालतात, एक फसली की पुढच्या होत नाहीत. ओळीच्या सुरुवातीला उणे चिन्ह दिलं तर त्या ओळीचं अपयश माफ. मी हल्ली बहुतेक ठिकाणी एवढ्यावरच भागवतो. "ऑनसक्सेस" ची सोयही आहे, ती सिस्टमडी २४९पासून. म्हणजे डेबियन १२वर मिळेल, ११वर नाही.

टायमरांच्या वेळांवर क्रम बांधू नका, हे क्रॉनपेक्षा इथे जास्त लागू आहे, कारण "रँडमाइज्ड-डिले-सेक" मुळे वेळ मुद्दाम, दर वेळी वेगळी, पुढे ढकलली जाते. एपीटीचंच उदाहरण घ्या. पॅकेजांची यादी आणणारा टायमर सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ला लावलेला, पण त्यात १२ तासांपर्यंतची यादृच्छिक ढील. अपग्रेडचा टायमर सकाळी ६ आणि ढील एक तास. या वेळांवरून आधी कोण ते सांगताच येत नाही. म्हणून अपग्रेडच्या सर्व्हिसमध्ये आफ्टर लिहिलेलं आहे, म्हणजे दोघं एकदम आलेच तर धक्काबुक्की नको.

आणि वनशॉटला वेळेची मर्यादा मुळात नसते. अडकलेलं काम दिवसच्या दिवस अडकून राहील आणि टायमर त्याला दुसऱ्यांदा सुरू करणार नाही. "टाइमआउट-स्टार्ट-सेक" स्वतः लिहा.

रात्री यंत्र बंद असेल तर

लहान कार्यालयांत संध्याकाळी शेवटचा माणूस मेन स्विच पाडून जातो. काही गावांत भारनियमन. क्रॉन त्या वेळी झोपलेला असतो आणि चुकलेलं काम तो नंतर करत नाही. यासाठी अ‍ॅनाक्रॉन : ते शेवटचं काम कोणत्या दिवशी झालं ते /व्हार/स्पूल/अ‍ॅनाक्रॉन मध्ये लिहून ठेवतं आणि यंत्र सुरू झाल्यावर राहिलेलं उरकतं. डेबियनवर रोजच्या कामांना ५ मिनिटं, आठवड्याच्यांना १०, महिन्याच्यांना १५ असा विलंब असतो. रेड हॅटवर ५, २५, ४५ आणि वर ४५ मिनिटांपर्यंत यादृच्छिक, तेही फक्त पहाटे ३ ते रात्री १० या वेळात. -एस हा पर्याय असला की एक गट संपल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही. तो आहे ना ते बघा. लांब सुट्टीनंतर सोमवारी तिन्ही गटांची कामं एकदम राहिलेली असतात तेव्हाच त्याची गरज लागते. सिस्टमडीत हेच काम टायमरमधलं "पर्सिस्टंट=ट्रू" करतं.

मोडून बघा

हाताने चालवून "चाललं" म्हणू नका. क्रॉनचं वातावरण उघडंबोडकं असतं : पाथमध्ये जेमतेम दोन फोल्डरं, शेल साधा, तुमचे नेहमीचे व्हेरिएबल गायब. "एन्व्ह -आय" लावून स्क्रिप्ट चालवली की बरंच काही आधीच उघडं पडतं. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह असेल, उदाहरणार्थ तारखेसाठी, तर त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या. नाहीतर क्रॉन तिथे ओळ तोडतो. मी तारखेची भानगड स्क्रिप्टच्या आतच ठेवतो.

मेल-टू मध्ये असा पत्ता द्या जो कुणीतरी खरंच उघडतं. मुख्य स्क्रिप्ट सगळं पार पडल्यावर शेवटी एका फाईलवर "टच" करू दे, म्हणजे तिची वेळ ताजी करू दे, आणि दुसऱ्या यंत्रावरून कुणीतरी ती फाईल २६ तासांपेक्षा जुनी तर नाही ना हे बघू दे. सर्व्हरच बंद पडला तर तो स्वतःची तक्रार मेलने करू शकत नाही.

मग एक दिवस ठरवून प्रत्येक पायरी मुद्दाम मोडा. तपासणीतली आकाराची अट अशक्य करून बघा. बाहेरच्या प्रतीचा पत्ता चुकवा. डिस्क भरल्यासारखी करायला एक छोटं वेगळं विभाजन घ्या. दर वेळी दोनच गोष्टी बघायच्या : झाडलोट चालली का, आणि मेल आली का. पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो, असंच यायला हवं. सर्वांत शेवटी, स्क्रिप्टमधला डेटाबेसचा पासवर्ड मुद्दाम चुकीचा लिहा आणि रात्रभर तसाच राहू द्या.

मी हे नव्या सर्व्हरवर केलं आणि दुसऱ्या दिवशी पासवर्ड परत बरोबर करायला विसरलो. तिसऱ्या दिवशी पहाटे २ वाजून ३ मिनिटांनी पुन्हा मेल आली. जुन्या तिन्ही प्रती जागच्या जागी होत्या.